हुरड्याच्या दिवशी गेलेली फाईल

१

शुक्रवारी सकाळी साडेनऊला वच्छलाताई उमाठ्यांनी कपाट उघडून तिसऱ्या खणात हात घातला, तर हात थेट फळीला लागला. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. वरचा खण पाहिला, खालचा पाहिला. सगळे गठ्ठे पांढऱ्या नाडीनं बांधलेले, धुतल्या तांदळासारखे जागच्या जागी बसले होते. हरकतींची फाईल तेवढी नव्हती.

डिसेंबर आला की सरकार बिऱ्हाडासकट नागपुरात येतं. आधी मुंबईहून ट्रंका येतात, ट्रंकांमागून साहेब येतात आणि साहेबांमागून त्यांचा खोकला येतो, कारण नागपूरची थंडी कुणाचा हुद्दा बघत नाही. १९६९ सालच्या त्या अधिवेशनात विक्रीकराच्या विधेयकाची छाननी करायला एक समिती बसली होती. तिचे कागद सांभाळायचं काम वच्छलाताईंकडे होतं. तेवीस वर्षं नोकरी झाली होती. एवढ्या वर्षांत त्यांच्या हातून टाचणीसुद्धा हरवली नव्हती, आणि हे त्या स्वतःच सगळ्यांना सांगत असत.

विधेयकातलं कलम नऊ म्हणत होतं, गरिबांच्या छपरावरचा कर माफ. ऐकायला इतकं गोड की ऐकणाऱ्याचे डोळे भरून यावेत! पण कलमातलं छप्पर म्हणजे फक्त कारखान्यातला सिमेंटचा पत्रा. कुंभाराचं मातीचं कवेलू, म्हणजे कौल, त्यात बसतच नव्हतं. माफीमुळे तिजोरीला पडणारं भगदाड बुजवायला कलम दहानं रॉकेलवरचा कर वाढवला होता. म्हणजे माफी 'छत्रछाया शीट्स' नावाच्या कंपनीला, आणि तिचा भुर्दंड ज्याच्या घरी कंदील लागतो त्या प्रत्येकाला.

हे ज्यांच्या ध्यानात आलं त्यांनी हरकती पाठवल्या होत्या. एकशे एकोणचाळीस अर्ज, बहुतेक मौद्याकडच्या कुंभारांचे. सोबत विक्रीकराच्या एका अधिकाऱ्याचं टिपण होतं, की मागच्या सवलतीतही या कंपनीचा पत्रा एका पैशानं स्वस्त झाला नव्हता. समितीचा नियम साधा होता. शुक्रवारी दुपारी तीनला टेबलावर हरकत असेल तर ती ऐकायची, नसेल तर कलम बिनहरकत धरायचं.

"वच्छलाताई, शोधा," गुप्तेसाहेब हळू आवाजात म्हणाले. मुंबईचे अवर सचिव, गळ्याला मफलर, बोलणं लोण्यासारखं. त्यांनी कधी कुणावर आवाज चढवला नव्हता. "तीनपर्यंत मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर मला तुमच्याविरुद्ध लिहावं लागेल. माझा नाइलाज आहे हो."

लिहिणं म्हणजे निलंबन. घरी अंथरुणाला खिळलेली आई आणि दोघींच्या पोटाला ही एकच नोकरी. वच्छलाताईंनी पुन्हा तिसऱ्या खणात हात घातला. तेवढ्यात शेजारच्या विभागातलं कुणीतरी कानाशी लागलं, की काल संध्याकाळी तुमचा लहानू शिपाई कापडात काहीतरी गुंडाळून घाईघाईनं बाहेर पडताना दिसला.

लहानू! ज्याच्या हातचा चहा घेतल्याशिवाय वच्छलाताईंचा दिवस उजाडत नसे, तो लहानू!

त्या बाहेर आल्या, सायकलरिक्षात बसल्या आणि म्हणाल्या, "महालात चल गा. लवकर."

२

वामनराव गिरडकर महाल वस्तीतल्या आपल्या घराच्या दाराशी उन्हात बसून सुपारी कातरत होते. जुन्या मध्यप्रांताच्या दप्तरखान्यात त्यांनी छत्तीस वर्षं काढली होती. वच्छलाताई विसाव्या वर्षी नोकरीला लागल्या तेव्हा नाडीची गाठ कशी मारायची हे त्यांनीच शिकवलं होतं, आणि पहिली गाठ चुकली म्हणून रडवलंही होतं. राजधानी मुंबईला गेली तेव्हा नागपूरच्या लोकांनी सभा घेतल्या. वामनरावांनी सभा घेतली नाही. मुंबईचे लोक आपल्या फायली नीट ठेवतील का, या काळजीनं त्यांनी आठवडाभर जेवणच कमी केलं होतं.

"काहून रडून राहिली वं?" ते म्हणाले. "आई बरी हाय ना?"

वच्छलाताईंनी सगळं सांगितलं. वामनराव मधेच एकदाही बोलले नाहीत. हे त्यांच्या बाबतीत नवल होतं.

"काल कपाट कधी बंद केलं?"

"एक वाजता जी. काल सगळे हुरड्याले गेलते. मौद्याच्या रस्त्यावर कंपनीवाल्या सबनिसानं शेतात हुरडा ठेवला होता. बारालेच बस भरून गेली. मी आईसाठी घरी गेली."

"किल्ली?"

वच्छलाताईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"घड्याळामागच्या खिळ्यावर," वामनरावांनीच सांगितलं. "मी होतो तवापासून तिथंच हाय. कावळ्याइलेबी ठाऊक असंन. परत कवा आले लोक?"

"पाचले. आपापल्या पिशव्या घ्याले कचेरीत आले आन् घरी गेले म्हणे."

"हात धुतले होते त्याइनं?"

वच्छलाताईंना या प्रश्नाचा अर्थच लागेना. "कशाचं जी! आज सकाळी पाह्यलं तर दारावर, टेबलावर, नळावर, सगळीकडं काळे पंजे. टॉवेल तर तव्यासारखा झाला."

"आन् कपाटातल्या बाकीच्या गठ्ठ्याइच्या नाड्या?"

"पांढऱ्याफेक."

वामनरावांनी अडकित्ता बाजूला ठेवला, टोपी घातली आणि आत बघून ओरडले, "इंदू! मी कचेरीत जाऊन राहिलो."

आतून इंदूबाईंचा आवाज आला, "आठ वर्षं झाली निवृत्त होऊन. अजून सुटली नाही का कचेरी?"

रिक्षात बसल्यावर वच्छलाताईंनी भीत भीत विचारलं, "लहानूनं घेतली असंन का हो?"

"लहानू काय घेऊन चालला होता ते त्यालेच विचारू," वामनराव म्हणाले. "पण फाईल नेणारा हात मात्र स्वच्छ होता. आन् काल संध्याकाळी या गावात स्वच्छ हात लई कमी होते."

३

लहानू मेश्राम वऱ्हांड्यात कपबशा विसळत होता. वामनरावांना बघताच त्यानं कपडे झटकले आणि वाकून नमस्कार केला.

"काल काय नेत होता रे कापडात?" वामनरावांनी आडपडदा न ठेवता विचारलं.

लहानूचा चेहरा उतरला. त्यानं वच्छलाताईंकडे पाहिलं नाही. "कणसं होती जी. हुरड्याची. भाजलेली वीस-पंचवीस. घरी पोट्टे वाट पाहून राहिले होते. सबनीससाहेबाले विचारलं नव्हतं."

"बस, एवढंच?"

"एवढंच जी. बुद्धाशप्पथ." त्यानं दोन्ही तळवे पुढं केले. साबणानं घासूनही रेषारेषांत काळं बसलेलं होतं. "पोचल्यापासून साडेचारपर्यंत गोवऱ्याइच्या विस्तवापुढंच होतो. मीच भाजून राहिलो होतो सगळ्याइले. मोठमोठे आमदार रांगेत उभे होते माह्यापुढं." हे सांगताना दुःखातही त्याला जरा बरं वाटलं.

"मंग खरंच सांगून राहिला," वामनराव वच्छलाताईंना म्हणाले. "शंभर साक्षीदार हाएत याचे." वच्छलाताईंना इतकं हायसं वाटलं की त्यांनी तिथल्या तिथं लहानूला दटावलं, पोरांसाठी न्यायची होती तर उघड न्यायची!

आवक-जावक सांभाळणारी गोपिका वैरागडे आत टंकलेखन यंत्रापुढे बसली होती, पण यंत्र गप्प होतं. वय बावीस. डोळे सुजलेले.

"मले ठाऊक हाय तुम्ही माह्यावर संशय घेऊन राहिले," ती बसल्या जागेवरून म्हणाली. "माह्या भावाले त्या कंपनीत नोकरी लागली ना. पण तो परीक्षा देऊन लागला जी."

"कोण म्हणते नाही म्हणून?" वामनरावांचा आवाज एकदम आजोबांचा झाला. "हात दाखव बेटा."

गोपिकानं उजवा तळवा उघडला. मधोमध चांगला टपोरा फोड आला होता. "गरम कणीस तसंच चोळलं. जाताना बसमधी, येताना बसमधी. मैत्रिणी होत्या संग. पाचले आली, एका पत्राची नोंद राहिली होती ती केली, आन् घरी गेली."

"एकच नोंद?"

"एकच."

वामनरावांनी मान हलवली. वच्छलाताईंनी घड्याळ पाहिलं. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि दोन्ही संशयित निर्दोष ठरले होते. एरवी आनंदाची गोष्ट. पण फाईल कुठं होती?

त्याच वेळी दारात संत्र्यांची करंडी उतरली आणि करंडीमागून स्वतः सबनीस आले.

४

सबनिसांसारखा गोड माणूस शोधून सापडला नसता. छत्रछाया शीट्सचे संपर्क अधिकारी. कचेरीतल्या प्रत्येकाच्या मुलाबाळांची नावं त्यांना पाठ. शिपायालाही 'अहो' म्हणणार. वच्छलाताईंच्या आईसाठी मागच्याच आठवड्यात त्यांनी मुंबईहून मलम आणून दिलं होतं, आणि खरं सांगायचं तर मलमाचा गुणही आला होता.

"ताई, ऐकलं मी. फार वाईट झालं," ते म्हणाले. चेहऱ्यावर खरंच वाईट वाटल्याचं दिसत होतं. "काल हुरड्याला आला असता तर कपाटाचं कुलूप कुणी काढलं असा प्रश्न तुम्हाला तरी कुणी विचारला नसता."

"तुम्ही कुठं होते काल?" वामनरावांनी विचारलं.

"आजोबा, मी यजमान! दोनशे पाहुण्यांना चटणी वाढत होतो. जवसाची."

"एक सांगा मले. तुमच्यासारखे लोक पैसे देते म्हणतात साहेब लोकाइले. खरं काय?"

सबनीस मनापासून हसले. "छे छे! पैसे देणारे मूर्ख. आजोबा, सरकारी माणसाला पैशांपेक्षा वेळेची टंचाई असते. मंत्री म्हणतात सोमवारपर्यंत कलम द्या. साहेबांकडं माणसं नाहीत, आकडे नाहीत. मग आम्ही आकडे देतो. मसुदा टंकून देतो. आवडला तर घ्यावा, नाही आवडला तर टाकावा. बिचाऱ्या साहेबांचे श्रम वाचतात."

"आन् आवडतो?"

"वाक्यरचना चांगली असते हो आमची," सबनीस म्हणाले आणि गोपिकाला दोन संत्री देऊन निघून गेले.

वच्छलाताई विधेयकाची प्रत काढून बसल्या. कलम नऊ पुन्हा वाचलं. 'ज्याच्या डोक्यावर पक्के छप्पर नाही, अशा शेवटच्या माणसापर्यंत...' वाचता वाचता त्यांचं बोट त्या ओळीवर थांबलं.

"वामनराव, हे मी अगोदर वाचलं हाय."

"विधेयकच हाय ना ते."

"तसं नाही जी. हरकतींवर नंबर टाकत होती तवा. मौद्याच्या एका कुंभारानं अर्जाले कंपनीचं जाहिरातीचं पत्रक जोडलं होतं. दिवाळीतलं. त्यात हेच वाक्य होतं. एवढंच नाही, पुढची तीनही वाक्यं होती!"

दिवाळीत कंपनीनं पत्रक छापलं आणि डिसेंबरात तेच सरकारचं कलम झालं. वामनरावांनी टोपी काढून पुन्हा घातली. मग म्हणाले, "म्हणजे त्या फाईलमधी कुंभारांच्या अर्जापेक्षा मोठा कागद होता. चाल, तुह्या साहेबाले भेटू."

गुप्तेसाहेबांनी म्हाताऱ्याला आदरानं खुर्ची दिली. गरम पाणी मागवलं. जुन्या दप्तरखान्याची चौकशी केली, आणि ती नुसती वरवरची नव्हती. त्यांनी स्वतःही कारकून म्हणून सुरुवात केली होती. सात वर्षं आवक-जावक लिहिली, मग परीक्षा देत देत वर आले. येत्या मार्चमध्ये ते निवृत्त होणार होते.

"काल हुरडा कसा काय लागला साहेब?" वामनरावांनी विचारलं. "मुंबईच्या माणसाले आवडते का?"

"अप्रतिम!" गुप्तेसाहेब म्हणाले. "बसमध्ये मला त्रास होतो, म्हणून जीपनं मागून गेलो. गर्दी फार होती, मी आपला एका कडेला बसलो. दोन कणसं खाल्ली. गरम गरम, लिंबू-मीठ चोळून. अजून दातांत दाणे अडकलेत बघा." आणि ते संकोचून हसले.

वामनराव उठले. दारापर्यंत गेले आणि थांबले.

"लिंबू कोणी पिळून दिलं जी?"

"लहानूनंच की."

वऱ्हांड्यात येताच वामनरावांनी वच्छलाताईंच्या हाताला धरलं. "जावकची वही आन," ते पुटपुटले. "आन् मुकाट्यानं आन."

५

"चोरी झाली की लोक कुलूप पाह्यतात," वही मांडीवर घेत वामनराव म्हणाले. "कचेरीत आधी जावक पाहा वं. चोर कितीबी शहाणा असो, हाताची सवय सुटत नाही."

गुरुवारचं पान उघडलं. शेवटच्या नोंदीवर, क्रमांक चारशे तेरावर, गोपिकाचा काळा अंगठा लख्ख उमटला होता. ती पाच वाजता आल्यावर केलेली नोंद. तिच्या वर क्रमांक चारशे बारा: 'संकीर्ण कागद, एक गठ्ठा, अभिप्रायार्थ मुंबईस, निकाली ट्रंक क्रमांक दोन.' शाई ठळक, अक्षर सुबक, आणि त्या ओळीच्या आसपास काळ्याचा ठिपकासुद्धा नाही.

"हे गोपिकाचं अक्षर नाही," वच्छलाताई म्हणाल्या. "अन् ती एकच नोंद केली म्हणे. घाईत वरचा नंबर तेवढा पाहून पुढचा टाकला असंन तिनं."

"मंग हे कवा लिहिलं असंन?"

"बाराले सगळे निघेपर्यंत वही गोपिकापाशी होती. एकपर्यंत मी इथंच होती." वच्छलाताई मोजून मोजून बोलू लागल्या. वामनरावांनी शिकवल्यासारखं, एका वेळी एक कागद. "पाचले चारशे तेरा लिहिला. म्हणजे एक ते पाचच्या मधात, रिकाम्या कचेरीत, कोणीतरी बसून हे लिहिलं."

"शाबास. आता कोणी लिहिलं? कंपनीचा माणूस घुसला म्हण."

"कंपनीचा माणूस फाईल घेऊन पळंन. वहीत कायले लिहीन?"

"बरोब्बर!" वामनरावांनी मांडीवर थाप मारली. "चोरी करतानाबी ज्याले नोंद केल्याशिवाय कागद हलवता येत नाही, असा माणूस पाह्यजे. ज्यानं हे काम वर्षानुवर्षं केलं. ज्याले फाईल जाळवत नाही, फाडवत नाही. निकाली ट्रंक, म्हंजे काम संपलेल्या कागदाइची, उद्याच्या गाडीनं मुंबईले जाईन आन् मार्चपर्यंत कोणी उघडणार नाही. तोवर तीन वाजून गेले असतीन."

वच्छलाताईंना आता सगळं दिसलं होतं आणि ते दिसू नये असं वाटत होतं. "पण ते तर हुरड्याले गेलते."

"हुरडा कसा खाते वं?"

"कणीस भाजून, गरम गरम हातावर चोळून, फुकून..." त्या बोलता बोलता थांबल्या.

"लिंबू?"

"लिंबू मक्याच्या कणसाले लावतात."

"आन् दातानं कुरतडूनबी मक्याचंच खातात. ज्वारीचं कणीस दातानं खाल्लं तर घशात कोंडा जाईन. मुंबईच्या माणसानं कणीस शब्द ऐकला, चौपाटीवरचा भुट्टा आठवला, आन् तोच सांगितला. तो तिथं गेला असता तर तुह्या लहानूनं त्याले चोळून दाखवलं असतं." वामनराव उठले, पण जिंकल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर नव्हता. "चांगला माणूस हाय. अक्षर पाह्य ना, किती सुंदर हाय."

दोन वाजायला पाच मिनिटं होती.

६

गुप्तेसाहेबांनी वहीकडं पाहिलं, मग वच्छलाताईंकडं पाहिलं आणि मफलर सोडून टेबलावर ठेवला. त्यांनी नाकारलं नाही. वच्छलाताईंना वाटत होतं की त्यांनी थोडं तरी नाकारावं.

"मंत्र्यांनी तीन दिवस दिले होते," ते म्हणाले. "सबनिसांचा मसुदा समोर होता. मी वाचला, बरा वाटला, सही केली. माझा म्हणून पुढं पाठवला. सगळ्यांनी पाठ थोपटली. मग बुधवारी हरकती चाळताना ते पत्रक दिसलं. पस्तीस वर्षांच्या नोकरीत शेवटचं कलम, आणि ते जाहिरातीतून उतरवलेलं." ते थांबले. "निवृत्तीनंतर कंपनीत सल्लागार म्हणून बोलावलंय. ते जुळून आलं होतं. फाईल मी काढली, हे सबनिसांना ठाऊक नाही. त्यांना ठाऊक असण्याची गरजच पडली नाही."

"आणि माझं काय साहेब?" वच्छलाताईंचा आवाज चढला. तेवीस वर्षांत साहेबापुढं पहिल्यांदा. "तुमची अब्रू राहावी म्हणून माझी भाकरी जायची? माझी आई अंथरुणात आहे. आणि ते एकशे एकोणचाळीस लोक! अर्ज द्यायला पायी आले होते काही जण. माझ्या हातात दिले त्यांनी. म्हणाले, बाई, साहेबापर्यंत पोहोचंन ना? मी म्हटलं, पोहोचेल."

गुप्तेसाहेबांनी वही मिटली. त्यांची मान खाली गेली होती.

"साहेब," वामनराव मऊ आवाजात म्हणाले, "जावकमधी गेलेला कागद आवकमधी येऊ शकते. आपण दोघंबी त्याच कामातले. ट्रंक तुमच्या हातानंच उघडा."

निकाली ट्रंक क्रमांक दोन मागच्या खोलीत होती. गुप्तेसाहेब गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी लाखेची मोहर फोडली. फाईल सगळ्यात वर होती, नीट नाडी बांधलेली. वच्छलाताईंनी तिथंच बसून अर्ज मोजले. एकशे एकोणचाळीस. टिपण होतं. पत्रकही होतं. ते काढून टाकायला साहेबांना किती सोपं होतं, हे तिघांच्याही मनात आलं.

तीनला चार मिनिटं कमी असताना फाईल अध्यक्षांच्या टेबलावर पोहोचली. अध्यक्ष बाबाराव, तिरसट आमदार, घड्याळ समोर काढून ठेवणारे. मागच्या रांगेत पाहुण्यांच्या खुर्चीवर सबनीस हसतमुखानं बसले होते.

"ही फाईल सकाळी हरवली होती असं माझ्या कानावर आहे," बाबाराव म्हणाले. "कोणाच्या ताब्यात होती?"

"माझ्या," वच्छलाताई उभ्या राहिल्या. किल्ली खिळ्यावर टांगली होती हे खरंच होतं. तेवढं कबूल करायचं त्यांनी ठरवलं होतं. साहेबांचं नाव घ्यायचं की नाही, हे काही शेवटपर्यंत ठरलं नव्हतं. "कपाटाची किल्ली मी..."

"त्यांना बसू द्या," गुप्तेसाहेब उभे राहून म्हणाले. आवाज नेहमीसारखाच हळू होता, पण खोलीत सगळ्यांना ऐकू गेला. "फाईल मी काढली होती. जावक क्रमांक चारशे बारा. बाईंचा दोष नाही. आणि अध्यक्षमहाराज, फाईलमध्ये शेवटी एक पत्रक जोडलंय. ते कलम नऊशेजारी ठेवून वाचावं. कलमाचा मसुदा माझा नाही. सही तेवढी माझी आहे."

बाबारावांनी पत्रक काढलं. विधेयक काढलं. एकदा इकडं, एकदा तिकडं बघत ते मोठ्यानं वाचू लागले. तिसऱ्या वाक्याला एक सभासद हसला, चौथ्याला कुणीच हसलं नाही. वाचून झाल्यावर ते लघुलेखकाकडं वळले. "हे सगळं लिहून घेतलंत?"

"होय साहेब. शब्दन् शब्द."

त्या दिवशी समितीनं कलम नऊ आणि दहा, दोन्ही पुढच्या अधिवेशनावर ढकलली. रॉकेल तेवढ्यापुरतं वाचलं. गुप्तेसाहेबांची चौकशी होणार होती आणि सल्लागाराची खुर्ची अर्थातच गेली होती. जाताना त्यांनी वच्छलाताईंना हात जोडले. वच्छलाताईंनीही जोडले. राग होता, अजून चांगला जळत होता; पण उभं राहून खरं बोलणारा साहेब त्यांनी आयुष्यात हा एकच पाहिला होता, त्यामुळे रागाला धड बसायला जागा मिळेना.

सबनीस दाराशी भेटले. चेहरा जरासुद्धा पडलेला नव्हता. "आईची तब्येत सांभाळा ताई," ते म्हणाले. "पुढच्या डिसेंबरात येतोच मी."

वामनराव बाहेर लहानूबरोबर चहा पीत बसले होते. वच्छलाताई येऊन शेजारी टेकल्या.

"काय झालं वं?"

"पुढं ढकललं."

"म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा येईन ते."

"येईन. नवीन वाक्यं घेऊन येईन."

वामनरावांनी बशीतला चहा संपवला. "मंग एक काम कर. हरकतींच्या दोन प्रती करून ठेव. एक इथं, एक माह्या घरी."

वच्छलाताईंना सकाळपासून अडवून धरलेलं रडू आता आलं, आणि त्यातच हसूही आलं. पदरानं तोंड पुसून त्या उठल्या.

"दोन कायले जी? चार करतो. त्यातल्या दोन मौद्यालेबी पाठवतो, त्याइचे अर्ज त्याइले." आणि गोपिकाला हाका मारतच त्या आत गेल्या, की कार्बन कागद काढ, आजच बसायचं आहे.